शेकडेवारीची शाब्दिक उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

शेकडेवारीच्या शाब्दिक उदाहरणांना बीजगणित फार थोडे लागते. बहुतेक वेळा एक चल आणि एक समीकरण पुरते. तरीही उत्तरे चुकतात, कारण ‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न न विचारताच विद्यार्थी आकडेमोडीला लागतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे वाढीनंतरच्या संख्येतून तेवढेच टक्के वजा करून मूळ संख्या काढणे. ‘ग्रंथालयातील पुस्तके २५ टक्क्यांनी वाढून ४५०० झाली, तर पूर्वी किती होती?’ हे उदाहरण मी एकदा वर्गात घातले. माझे वाक्य संपण्याआधीच एका चटपटीत विद्यार्थ्याने ४५०० चे २५ टक्के, म्हणजे ११२५, वजा करून ३३७५ हे उत्तर सांगितले आणि निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. मी त्याला फळ्यावर बोलावून ३३७५ मध्ये तिचेच २५ टक्के मिळवायला सांगितले, तेव्हा बेरीज ४२१८.७५ आली, ४५०० तर नाहीच, वर पाऊण पुस्तक! वाढ मूळ संख्येवर झालेली असल्याने समीकरण क्ष + ०.२५क्ष = ४५००, म्हणजेच १.२५क्ष = ४५०० असे होते आणि क्ष = ३६०० मिळतो. म्हणून ‘क्ष = वाढीपूर्वीची पुस्तकांची संख्या’ असे पूर्ण लिहिल्याशिवाय मी पुढची ओळ लिहू देत नाही; नुसते ‘क्ष मानू’ मला चालत नाही.

लागोपाठच्या बदलांत टक्क्यांची थेट बेरीज-वजाबाकी करू नये. २० टक्के वाढ आणि नंतर २० टक्के घट झाली, तर १.२ × ०.८ = ०.९६, म्हणजे एकूण ४ टक्के घट होते. येथे ‘अ + ब + अब/१००’ (अ आणि ब हे लागोपाठचे टक्क्यांतील बदल) हे सूत्र पाठ करून येणारे घटीचे ऋण चिन्ह विसरतात आणि ४४ टक्के वाढ काढून मोकळे होतात. सूत्र बरोबरच आहे; पण ज्याने (१ + अ/१००)(१ + ब/१००) हा गुणाकार स्वतः एकदाही केलेला नाही, त्याने ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३५ टक्के समीकरणात ०.३५ असे लिहावेत, ३५ नव्हे. प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, तर त्या प्रमाणातील वाढ २५ टक्के असते, कारण १० च्या फरकाला भागायचे मूळ ४० ने.

पडताळा मात्र समीकरणात न घेता उदाहरणाच्या मूळ वाक्यात घ्यावा, कारण चुकीचे मांडलेले समीकरणही स्वतःच्या चुकीच्या उत्तराने बिनतक्रार सुटते.