जुन्या फोक्सवॅगन कॅम्परचं इंजिन: नवं टाकायचं की बांधून घ्यायचं?

इकडे इंग्लंडात ऊन पडायला लागलं की दोन-तीन तरी आपल्या लोकांचे मेसेज येतात, अरे जुनी कॅम्पर घेतलीय, बॉडी एकदम मस्त आहे पण इंजिन संपलंय म्हणतात, नवं टाकू की रिकंडिशन्ड (जुनंच दुरुस्त करून विकलेलं) घेऊ? दरवेळी तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी मिस्त्री नाही, ऑफिसात बसून पोट भरणारा माणूस, पण माझ्याकडे १९७३ ची टी-२ (या कॅम्परची दुसरी पिढी) आहे, बे विंडोवाली, म्हणजे पुढे एकच मोठी बाकदार काच, १६०० सीसी, आणि तिच्या इंजिनापायी एकदा चांगलेच हात पोळून घेतलेत. खालचं सगळं या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांबद्दल आहे, ८० च्या दशकातल्या, पुढच्या पिढीच्या पाण्यावाल्या टी-२५ चं दुखणं वेगळं.

आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा. गाडी चढावर दम टाकते, ऑइल गळतंय, एवढ्यावरून लोक इंजिन बाद ठरवतात आणि निघतं काय तर टाइमिंग चुकलेलं नाहीतर व्हॉल्व्हचं सेटिंग वर्षानुवर्षं कोणी बघितलेलंच नाही (०.१५ मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना). कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने मोजा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. १६०० ला साधारण ११५ ते १४० पीएसआय आलं तर छान, सत्तरच्या खाली गेलं तर काम निघालं. आकड्यापेक्षा चारांतला फरक जास्त बोलतो, तीन सिलिंडर १२० दाखवतात आणि तिसऱ्या नंबरचा ७५ असेल तर बहुतेक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा हेड (सिलिंडरवरचं झाकण), अख्खं इंजिन नाही. तिसरा नंबर गरम होण्यासाठी प्रसिद्धच आहे, कारण सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या घरातच बसवलेला असायचा आणि या सिलिंडरच्या वाट्याची हवा अडवायचा, नंतर कंपनीने तो बाजूला काढला.

दुसरी तपासणी फुकट आहे आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. इंजिन बंद, किल्ली खिशात, मागे उकिडवे बसा, खालची मोठी क्रँक पुली दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर ढकला-ओढा. फिरवायची नाही, सरळ ढकलायची. चांगल्या इंजिनात काही हलल्यासारखं वाटतच नाही, कारण प्ले (मोकळी हालचाल) ०.०७ ते ०.१३ मिमी एवढाच असतो, ०.१५ च्या पुढे गेला की मर्यादा संपली. पण तुम्हाला हाताला स्पष्ट खट्... खट्... लागलं, जुन्या दरवाजाची कडी हलावी तसं, तर समजा की आत काम आहे. नशीब चांगलं असेल तर फ्लायव्हीलमागचे शिम (पातळ चकत्या) बदलून भागतं. नसेल तर बेअरिंगच केसमध्ये सैल झालंय, आणि मग खरा प्रश्न सुरू होतो.

कारण या इंजिनात सगळा खेळ केसचा आहे. (केस म्हणजे क्रँककेस, इंजिनाचा मुख्य सांगाडा, डोक्यावरचे नाहीत, ते या गाडीपायी आधीच गेले.) १६०० ची मूळ जर्मन केस मॅग्नेशियम मिश्रधातूची, वजनाला हलकी पण मऊ. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) वर्षानुवर्षं आत ठोके देत राहतो आणि बेअरिंग जिथे बसतं ती गोल जागा हळूहळू लंबगोल होते, विशेषतः मधली. इलाज म्हणजे सगळ्या जागा एका रेषेत पुन्हा बोअर करायच्या आणि बाहेरून जाड असलेली बेअरिंग टाकायची. अर्धा मिमी, मग एक, मग दीड. दरवेळी धातू कमी होतो, आणि आता पन्नास वर्षांत बहुतेक केसेस एक-दोनदा या यंत्राखालून गेलेल्याच आहेत. एक मिमीच्या पुढे गेलेल्या केसवर मी तरी पैसे लावणार नाही.

आता "नवं" म्हणजे काय ते. जर्मनीत बे विंडो १९७९ ला थांबली, याच जातीच्या इंजिनाची शेवटची बीटल मेक्सिकोतल्या पुएब्लाला जुलै २००३ मध्ये निघाली, ब्राझीलमध्ये कोम्बी (तिथली हीच गाडी) २०१३ च्या डिसेंबरपर्यंत चालली पण तिलाही शेवटची काही वर्षं पाण्याचं १४०० चं इंजिन होतं. तेव्हा कंपनीतून खोक्यात सीलबंद आलेलं नवंकोरं इंजिन असं डोळ्यासमोर आणू नका. आज दुकानात नवं म्हणून मिळतं ते नव्या केसवर, मॅग्नेशियमच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, नवा क्रँक, नवे बॅरल (सिलिंडर) आणि पिस्टन, नवी हेड टाकून कोणीतरी बांधलेलं इंजिन. सुटे भाग चार देशांतले. म्हणजे तेही शेवटी बांधलेलंच, आणि ज्याने बांधलं त्याच्या हातावर सगळं. नव्या केसचा फायदा मात्र खरा आहे, जागा स्टँडर्ड मापाच्या, आटे कोरे.

आणि रिकंडिशन्ड या शब्दाला तर काही बंधनच नाही. एका टोकाला पूर्ण उघडून, केस मोजून, क्रँक ग्राइंड करून, कॉनरॉड मापात आणून, कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) नवे टाकून बांधलेलं, दुसऱ्या टोकाला डिझेलने धुऊन काळा रंग फासलेलं. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी दुसऱ्या टोकाचं घेतलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही, एक्स्चेंजवर इंजिन, बारा महिन्यांची वॉरंटी, जुनं दिलं की डिपॉझिट परत. अकराशे मैलांत डेव्हनला जाताना हाल्डन हिलच्या चढावर, मागे मुलं भेळ खात बसलेली, ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, मी म्हटलं सेन्सर असेल, आणि दोन मिनिटांत खालून हातोड्यासारखा आवाज. नंतर उघडलं तेव्हा केस आधीच दोनदा बोअर झालेली, आणि एका हेड स्टडचे (हेड केसला आवळणारा लांब बोल्ट) आटे गेलेले तिथे इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) न टाकता स्टड तसाच आवळलेला. वॉरंटी? तुम्ही जुनाच ऑइल कूलर वापरला म्हणून लागू नाही. हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं, मी वाचलं नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे माझी मूळ १९७३ ची केस, जी कदाचित ठणठणीत होती, ती मीच माझ्या हाताने त्यांना देऊन बसलो होतो, डिपॉझिटसाठी.

आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरला वडील स्कूटरचं इंजिनकाम करायचे तेव्हा दिवसभर स्टूल टाकून लेथवाल्याशेजारी बसायचे. बोअर झालेला सिलिंडर स्वतः हातात घेऊन, आतून बोट फिरवून बघायचे. मला तेव्हा लाज वाटायची, एवढा काय अविश्वास. आता कळतं.

म्हणून माझा क्रम असा. आधी आपलंच इंजिन उतरवून उघडायला लावा आणि केस मोजून घ्या, आकडे कागदावर मागा. केस स्टँडर्ड किंवा फार तर अर्धा मिमी असेल तर तीच बांधून घ्या, थांबायची तयारी ठेवा, महिने लागतात. केस गेली असेल तर नवी केस घ्या पण आपला जुना जर्मन क्रँक मोजा, तो फोर्ज्ड असतो आणि ग्राइंड करून बहुतेक वेळा पुन्हा चालतो. हेडच्या बाबतीत उलटं, जुन्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट आणि प्लगच्या भोकाच्या मध्ये चिरा पडतात, तिथे वेल्डिंगच्या नादाला लागण्यापेक्षा नवी बरी. कॅम आणि टॅपेट नेहमी जोडीने नवे, एक जुना एक नवा केलात की नव्याची वाट लागते. आयतं नवं इंजिन त्यांच्यासाठी ज्यांचा उन्हाळा बुक झालाय आणि वेळ नाही. दुसऱ्याच्या केसवरचं एक्स्चेंज सगळ्यात शेवटी, आणि तेही बांधणारा माणूस माहितीचा असेल तरच.

१७००, १८०० किंवा २००० वाली गाडी असेल, म्हणजे टाइप-४ इंजिन, तर डोकं कमी खपवावं लागतं: केस ॲल्युमिनियमची, दणकट, तीच बांधा. भाग महाग पडतात पण १६०० बसवायचा जुगाड करू नका, पत्रे, माउंटिंग, सगळंच बदलतं.

दुकानदाराशी बोलताना चार गोष्टी विचारा. केस किती मापाची आहे. हेड स्टडला इन्सर्ट टाकलेत का. लाँग ब्लॉक आहे की सगळं लावलेलं, कारण लाँग ब्लॉकवर कार्बोरेटर, सायलेन्सर, पंखा, पत्रे काहीच नसतं आणि जाहिरातीतली किंमत बघून माणूस फसतो. वॉरंटी कशाने रद्द होते. त्याने "१६४१ सीसी करून देतो, थोडेच जास्त पडतील" म्हटलं तर नको म्हणा, ते ८५.५ ऐवजी ८७ मिमीचे बॅरल त्याच भोकात बसवायला भिंत पातळ करतात, आणि भरलेल्या कॅम्परमध्ये चढावर ते तापतात. जास्त ताकद हवीच तर केस-हेड मशीन करून ९०.५ चे, म्हणजे १७७६.

कागदपत्रांचं पटकन. इंजिन नंबर बदलला की डीव्हीएलएला (इकडचं आरटीओ) लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आणि पावती पाठवायची, इन्शुरन्सला कळवायचं. नव्या केसवर बऱ्याचदा नंबरच नसतो, तर दुकानाकडून लेखी घ्या. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी (दरवर्षीची सक्तीची तपासणी) माफ आहे पण गाडीत मोठा बदल केला नसेल तर, त्याच जातीचं वेगळ्या सीसीचं इंजिन चालतं, सुबारूचं इंजिन बसवायचा विचार असेल तर आधी नियम वाचा.

इंजिन बसवताना लोक शेवटच्या क्षणी कंजूसपणा करतात आणि तिथेच मरतात. जुना ऑइल कूलर नको, मेलेल्या इंजिनाचा चुरा त्यात अडकलेला असतो आणि पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगमध्ये जातो. (हो, वॉरंटीवाल्याचं तेवढं बरोबर होतं, मान्य.) इंजिनभोवतीचे सगळे पत्रे आणि फोमची सील जागेवर हवी, नाहीतर खालची गरम हवा पंखा पुन्हा वर ओढतो. पेट्रोलचे पाइप सगळे नवे, इथेनॉल चालणारे. २०२१ पासून इकडे साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, जुने रबर त्याने भेगाळतात आणि या गाड्या जळतात त्या बहुतेक तिथूनच. मी सुपरच भरतो, ई-५ वालं.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, मगच प्लग लावा. चालू झालं की आयडलवर सोडू नका, वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर धरा, कॅम तेव्हाच बसतो. तीनशे मैलांवर ऑइल बदला, अडीच लिटर फक्त लागतं, आणि खालची जाळी काढून पांढऱ्या कपड्यावर झटका. राखाडी पेस्टसारखं थोडं असेल तर ठीक. चमकणारे कण, नखाला टोचणारे, दिसले तर गाडी तिथेच उभी करा आणि ज्याने बांधलं त्याला फोन लावा, कपड्याचा फोटो आधी काढून ठेवा.