पेटीवरून पियानोकडे: अवघड रचना बोटांत कशी बसवायची

ज्याचा हात भजनी मंडळाच्या पेटीवर तयार झाला आहे आणि ज्याच्या घरी आता डिजिटल पियानो आला आहे, त्याच्यासाठी हे लिहिले आहे. बाखची इन्व्हेन्शन (दोन्ही हातांना बरोबरीचे काम देणाऱ्या छोट्या रचना), बेथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचा तिसरा भाग, शोपँचे 'फँटेसी-इम्प्रॉम्प्टू' या रचना ऐकायला जितक्या गोड, तितक्या हाताला आडव्या येतात. तालुक्याच्या गावात पियानोचा मास्तर मिळणे कठीण, म्हणून कुठे अडले आणि का अडले हे स्वतःलाच शोधता आले पाहिजे.

पेटीवाल्याचा उजवा हात बहुधा चांगला असतो. अलंकार-पलटे घोटलेले असतात. डावा हात मात्र भात्यावर गेलेला असतो, त्यामुळे त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सुटे चालतच नाही. दुसरे म्हणजे पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याच्या हवेने. पट्टी कशी दाबली याला फारसा अर्थ नसतो. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली यावरच आवाज ठरतो. आणि पेटीचा सूर हवा आहे तोवर टिकतो, पियानोचा सूर वाजल्याक्षणी विरायला लागतो. म्हणून पेटीवर खपून जाणारा असमान हात पियानोवर लगेच उघडा पडतो.

साधन आणि बैठक

हॅमर अ‍ॅक्शनच्या, म्हणजे वजनदार 88 पट्ट्यांच्या पियानोला पर्याय नाही. 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर इन्व्हेन्शन बसते, पण मोठ्या रचनांना टोकाच्या पट्ट्या कमी पडतात आणि बोटाला जोर येत नाही. पेटी मांडी घालून वाजते, पियानो नाही. पट्ट्यांचा माथा जमिनीपासून साधारण 70 ते 75 सेंटीमीटरवर ठेवा आणि कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल इतके उंच बसा. प्लॅस्टिकची खुर्ची ठेंगणी पडते. तिच्यावर घडी घातलेली सतरंजी टाका. कोपर खाली राहिले की मनगट वर मोडते, आणि वेगात सगळ्यात आधी तेच आखडते.

कूलरच्या झोतासमोर पियानो ठेवू नका. मे महिन्यात मोह होतो, पण ओलसर हवेने पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट खराब होतात आणि मग एखादी पट्टी एकदम जोरात वाजते किंवा मुकी राहते. सोयाबीनच्या दिवसांत शेजारी हडंबा (मळणीयंत्र) चालू असेल तर पियानोवर जाड कापड टाकून ठेवा. सस्टेन पेडलची, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायच्या पेडलची, पिन पियानो चालू करण्याआधी लावा, आणि चालू करताना त्यावर पाय नको. बऱ्याच मॉडेलांत नाहीतर पेडल उलटे चालते, म्हणजे पाय उचलला की सूर लांबतो.

आधी कागद, मग पट्ट्या

बाख 1750 मध्ये, बेथोव्हेन 1827 मध्ये आणि शोपँ 1849 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या रचनांची जुनी छापील नोटेशन इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढा, मोबाईलवर बघून वाजवू नका. व्हिडिओतल्या वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहून शिकणे तर टाळाच. त्यात कोणते बोट आणि कुठे श्वास हे काहीच कळत नाही, आणि चार ओळींनंतर गाडी कायमची अडकते.

कागदावर पेन्सिलीने बोटांचे आकडे टाका: दोन्ही हातांत अंगठा 1, करंगळी 5. एकदा ठरलेले बोट सावकाश वाजवतानाही बदलायचे नाही. रोज वेगळ्या बोटाने वाजवले तर हाताला लक्षात ठेवायला एक गोष्ट उरतच नाही; एकाच जागी रोज नवी चूक होते, त्याचे कारण दहात नऊ वेळा हेच असते. ठरलेले आकडे पूर्ण वेगात तपासून घ्या. सावकाश चालणारी बोटे वेगात एकमेकांत अडकू शकतात, म्हणून दोन-तीन सुरांचा तुकडा एकदा भरधाव वाजवून बघा, मगच आकडा पक्का करा.

सुरुवातीला बाखचे पहिले इन्व्हेन्शन घ्या. 22 बारांची रचना (बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेषांमधला तुकडा), सा म्हणजे पांढरी एक. उजवा हात छोट्या विरामानंतर 'सा रे ग म रे ग सा' म्हणतो आणि पंचमावर उडी घेतो. अर्ध्या बारानंतर डावा हात तेच एक सप्तक खाली म्हणतो. बोटे उजवीकडे 1-2-3-4-2-3-1-5, डावीकडे 5-4-3-2-4-3-5-1. पेटीवाल्याला हा धडा अगदी लागू पडतो, कारण डाव्या हाताला इथे संगतीचे नाही, बरोबरीचे काम आहे. उजवा महिन्याभराने पुढे जाईल म्हणून त्याला एकट्याला पुढे नेऊ नका. दर दिवशी बैठकीची सुरुवात डाव्यापासून करा. पहिल्या बारातला मुरकीसारखा अलंकार पहिले काही दिवस गाळा. सरळ लय बसल्यावर घाला.

तुकडा एका बाराचा घ्या, पण तो पुढच्या बाराच्या पहिल्या सुरावर संपवा. बाराच्या रेषेवर थांबायची सवय लागली की जोडताना दर सांध्यावर धक्का बसतो. दुगुनीच्या प्रत्येक सुराला मेट्रोनोमची (ठरल्या वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राची) एक टिक, टिक मिनिटाला 60 वर, एक हात. सलग पाच वेळा बिनचूक झाले की दुसरा हात, मग दोन्ही. दोन्ही हात जोडताना वेग पुन्हा खाली आणा, 50 वर गेला तरी चालेल. वाढ 4-4 ने करा. चूक झाली तर सुरुवातीपासून पुन्हा सुरू करू नका. दोन पायऱ्या खाली उतरून तोच तुकडा घ्या. पहिल्या बारापासून रोज वाजवणाऱ्याचे पहिले चार बार सोन्यासारखे होतात आणि शेवट कच्चा राहतो, त्यामुळे एक दिवसाआड शेवटच्या बारापासून मागे यावे.

वेग एखाद्या आकड्यावर अडला तर लय मोडून वाजवा. आधी पहिला सूर लांब, दुसरा आखूड, मग उलटे, मग तीन आखूड आणि चौथ्यावर थांबा. आखूड जोडीत बोटे खऱ्या वेगाने चालतात आणि लांब सुरावर हाताला सैल व्हायला जागा मिळते. तरीही न सुटल्यास हात मोबाईलवर बाजूने चित्रित करून बघा. बहुतेक वेळा अंगठा उशिरा पोहोचतो, कारण तो तळव्याखालून आधीच सरकायला हवा होता. 'मूनलाइट'च्या तिसऱ्या भागातल्या चढत्या लहरी याच कारणाने फाटतात. तिथे बोटे लांबवू नका, मनगट आणि कोपर सुरांबरोबर उजवीकडे न्या.

चार विरुद्ध तीन

'फँटेसी-इम्प्रॉम्प्टू'त उजव्या हातात चार सूर वाजतात त्या वेळात डाव्यात तीन. बऱ्याच जणांचा प्रवास इथेच संपतो, पण भजनात ताल धरलेल्याला ही गोष्ट एकतालाच्या 12 मात्रांवर सहज समजते. 12 मात्रा तोंडाने मोजा. उजव्या हाताने मांडीवर 1, 4, 7, 10 ला थाप द्या, डाव्याने 1, 5, 9 ला. म्हणजे क्रम असा येतो: दोन्ही, उजवा (4), डावा (5), उजवा (7), डावा (9), उजवा (10). हे चालता चालता, वावरात जाताना, लाईन गेली असताना करता येते. तोंडची मोजणी बंद करूनही हात चालू लागले की पट्ट्यांवर एकच सूर धरून तेच करा, मग खरे सूर घाला.

प्रत्यक्ष रचनेत तिसऱ्या-चौथ्या बारात डावा हात एकटाच चालतो आणि पाचव्या बारात उजवा येतो, तोही पहिल्या आखूड सुराच्या जागी विराम ठेवून. म्हणजे तिथे पहिल्या ठोक्याला 'दोन्ही' वाजत नाही, फक्त डावा. हे न पाहिल्याने अनेक जण पहिल्याच क्षणी घसरतात. एकदा वेग आला की प्रत्येक सूर मोजू नका. ठोक्याच्या पहिल्या सुरावर दोन्ही हात भेटले की मधले आपोआप जागेवर पडतात.

पेडल शेवटी. सगळी रचना कोरडी, पेडलविना वाजवता आल्यावरच पाय लावा, नाहीतर सूर चुकल्याचे पेडल झाकून टाकते. पेडल सुराच्या बरोबर दाबायचे नाही: नवा स्वरमेळ वाजताना पाय उचला आणि सूर वाजल्यावर लगेच दाबा. आधी दाबले तर मागचे आणि नवे सूर एकत्र गढूळ होतात.

भारनियमनाची वेळ फुकट जात नाही. नोटेशन समोर धरून डावा हात मनात म्हणा, बोटे टेबलावर चालवा. जिथे मन अडखळते तिथे पाठांतर कच्चे आहे, केवळ हाताची सवय चालली आहे. त्या जागी कागदावर लाल खूण करा आणि रचनेत अशा सहा-सात जागा ठरवा, जिथून कधीही मध्येच सुरू करता येईल.

एका तुकड्यावर 20 मिनिटांहून जास्त राहू नका. पुढचा हात, म्हणजे कोपर ते मनगट, जळजळू लागला तर त्याच क्षणी थांबा. दुखत असताना आणखी दहा वेळा वाजवल्याने आखडलेपणच बोटांत बसतो. सकाळी ताजे 20 मिनिटे आणि सांजच्याला 20 मिनिटे हे एका दमाच्या दोन तासांपेक्षा जास्त उपयोगी पडते. रचना बसल्यानंतरही आठवड्यातून एकदा ती निम्म्या वेगात, पेडलविना, नोटेशन समोर ठेवून वाजवत राहा.