कापरापासून कार्बन नॅनोट्यूब

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या. हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, पेटवून त्या करता येतात. सुमिओ इजिमा यांना १९९१ मध्ये त्या अशाच आर्कमध्ये कॅथोडवर, म्हणजे ऋण कांडीवर, साचलेल्या थरात दिसल्या. लेझरचीही रीत आहे. आमच्या सांगलीच्या कॉलेजला दोन्ही परवडत नाहीत. जपानमध्ये मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कापरापासून त्या करून दाखवल्या, आम्हीही तेच करतो.

कापूर मी गणपती पेठेतून आणते. दुकानदाराला वाटतं, बाई फारच देवभोळ्या. आणला की एक वडी बशीत जाळून बघायची. मागं काही उरलं तर तो कापूर देवालाच ठेवा.

दहा ग्रॅम कापूर खलात कुटून अर्धा ग्रॅम फेरोसीन हे लोखंडाचं संयुग मिसळा. त्यातलं लोखंड म्हणजे कॅटॅलिस्ट, क्रिया घडवून आणणारा पदार्थ. त्याच्या बारीक कणांवरून नळ्या वाढतात. मिश्रण सिरॅमिकच्या बोटीत, म्हणजे होडीच्या आकाराच्या छोट्या भांड्यात, आणि ही बोट क्वार्ट्झच्या नळीत. नळी एकामागोमाग ठेवलेल्या दोन भट्ट्यांतून जाते, बोट पहिलीत असते. साधी काच नको, ती ८५० अंशांना वाकते.

पंधरा मिनिटं आर्गन हा निष्क्रिय वायू सोडून आतली हवा हुसकावा. मग पुढची भट्टी ८५० वर न्या. ती स्थिरावल्यावरच बोटीकडची भट्टी २०० पर्यंत चढवा. उलट केलंत तर कापूर फुकट उडून जातो. आर्गन वाफ पुढच्या भट्टीत नेतो, तिथं ती फुटून कार्बन सुटतो आणि अर्ध्या तासात आत नॅनोट्यूबचा काळा थर धरतो. या वेळात जागचं हलायचं नाही. बाहेरचं टोक पाण्यात असतं, तिथले बुडबुडे बघायचे. ते मंदावले म्हणजे थंड टोकाशी कापूर साचून वाट तुंबली. तिथं आधीच हीटिंग टेप गुंडाळलेली बरी.

भट्ट्या बंद केल्या तरी आर्गन चालूच ठेवा, नाहीतर नळी गार होताना पाणी आत ओढते. आणि घाई नको. पहिल्या खेपेला मला तासगावची शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून ५५० ला झाकण काढलं. सकाळी बघते तर काळा थर गायब, नुसता तांबूस गंज! कार्बन जळाला, लोखंड तेवढं उरलं. आता शंभराच्या खाली आल्याशिवाय मी हात लावत नाही.

थर फ्यूम हूडमध्ये, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या कपाटात, मास्क लावूनच खरवडा. हायड्रोक्लोरिक आम्लानं धुतलं की उघडं लोखंड जातं, कार्बनच्या कवचात अडकलेलं मात्र चिकटून राहतं. नमुना एसईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी, आम्ही कोल्हापूरला पाठवतो. बाटलीवर तारीख, तापमान आणि कापूर कुठल्या दुकानातला, तेवढं लिहा.