वजन कमी करायचंय? आधी ‘आता दिवस गेलाच’ या वाक्याला आवरा

सोलापुरात वजन कमी करायचा मुहूर्त बहुतेकदा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उरकल्यावरचा असतो. आधी भोगीचा गरगट्टा आणि लोणी लावलेली बाजरीची भाकरी, मग सिद्धेश्वराची यात्रा, शिवाय थंडीभर हुरडा. ‘हे सगळं होऊ दे, मग सुरू करतो’ असं म्हणून फेब्रुवारीत नवे बूट येतात आणि दीड-दोन महिन्यांत ते कोपऱ्यात पडतात. काय खावं आणि काय टाळावं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. गाडी अडते ती आपण मनाशी जे बोलतो तिथे. म्हणून हा लेख आहाराचा तक्ता देणार नाही.

पहिली पायरी: आठवडाभर वही

कॅलरी मोजू नका. खाल्लं की तीनच गोष्टी लिहा: किती वाजले, काय खाल्लं आणि खायच्या आधी मनात काय चाललं होतं. कंटाळा, राग, थकवा, की खरंच भूक? पोटाची भूक हळूहळू वाढते आणि आमटी-भाकरीवरही भागते. मनाची भूक एकदम येते आणि तिला फरसाण नाहीतर गोडच लागतं.

आठवड्याच्या शेवटी वहीत एखादी वेळ पुन्हा पुन्हा दिसेल. नवी पेठेतला दुकानदार दुपारनंतर काही खात नाही आणि रात्री घरी येऊन दोघांचं जेवतो. पूर्व भागात घरीच विड्या वळणाऱ्या बाईला भूक नसते, पण तासन्‌तास एका जागी बसून कंटाळा येतो आणि त्यावर चहा-खारी हाच उतारा असतो. कारखान्यातल्या रात्रपाळीवाल्याचं घड्याळच उलटं असतं. तिघांना एकच सल्ला देऊन काय उपयोग? तुमची अडचणीची वेळ कोणती, ते तुमची वहीच सांगेल.

दुसरी पायरी: त्या वेळेसाठी एक ‘जर-तर’

‘रात्री जास्त खाणार नाही’ ही इच्छा झाली, बेत नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं, की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलं तर काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. ऐन वेळी डोकं थकलेलं असतं. तेव्हा निर्णय घ्यावा लागत नाही, हाच फायदा. ‘दुकानाचं शटर ओढलं, की आधी पेलाभर ताक, मग घर.’ ‘विड्यांचा एक कट्टा झाला, की उठून अंगणात दोन फेऱ्या.’ एकच ठरवा, पण वेळ आणि जागेसकट.

शेंगा चटणीबद्दलही इथेच सांगतो, कारण ती सोडा म्हणणाऱ्याचं या गावात कोण ऐकणार? शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 570 कॅलरी असतात, त्यामुळे बरणी ताटाशेजारी ठेवणं धोक्याचं. एक चमचा वाढून घ्या आणि पहिला घास घ्यायच्या आधी बरणी फळीवर परत ठेवा. सोबत कडक भाकरी असेल तर छानच. ती चावायला वेळ लागतो, तेवढ्यात पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचते.

तिसरी पायरी: चुकल्यानंतरची दहा मिनिटं

माझ्या मते खरा खेळ इथे आहे. होटगी रोडच्या कार्यालयात लग्न असतं, तुपाची धार सोडलेली एक शेंगा पोळी खाल्ली जाते आणि मनात वाक्य उमटतं: ‘आता दिवस गेलाच, उद्यापासून बघू.’ मग जिलेबी, संध्याकाळी भजी, रात्री उरलंसुरलं. एका पोळीने वजन वाढत नाही. ते वाढतं त्या वाक्यानंतर जे पोटात जातं त्याने.

1975 साली एक गाजलेला प्रयोग झाला. लोकांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत डाएट करणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, तर मग कशाला थांबायचं, असा त्यामागचा हिशेब.

तेव्हा दुसरं वाक्य तयार ठेवा: ‘पोळी झाली. पुढचं जेवण नेहमीचं.’ रात्रीचं जेवण शिक्षा म्हणून बुडवू नका. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटात 36 निरोगी तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं. ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. उपासमारीने मन खाण्याभोवतीच फिरतं. ‘सोमवारपासून एकच वेळ जेवणार’ ही प्रतिज्ञा शूर वाटते, पण पुढचा अतिरेक तिच्यातच दडलेला असतो.

उलट्या बाजूचं वाक्यही ओळखा: ‘आज चाललोय, म्हणजे आज चालतंय.’ चार किलोमीटर चालून साधारण 200 कॅलरी खर्च होतात; परतीच्या वाटेवरची एक प्लेट भजी त्या भरून काढते. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय!

घरची माणसं

डाएटची घोषणा करू नका. घोषणा केली की निम्मं गाव आग्रह करतं आणि उरलेलं पाळत ठेवतं. ‘घे की, एकाने काय होतंय’ म्हटल्यावर वाद न घालता ‘आत्या, पोट भरलंय, डब्यात बांधून द्या की’ म्हणा. मान राहतो आणि खायचं कधी ते आपल्या हातात येतं. घरच्या जाड माणसाला टोमणे मारून सुधारू पाहणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगतो: टोमण्याने माणूस लपून खायला शिकतो.

काटा आणि झोप

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी वजन करा. मीठ-पाण्यामुळे ते एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं, रोज पाहिलं तर उगाच मन खचतं. पहिलं लक्ष्य पाच टक्के ठेवा, म्हणजे ऐंशी किलोला चार. तेवढ्यानेही साखर आणि रक्तदाब सुधारू शकतात. लंडनमधल्या 2010 च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लोकांना 18 पासून 254 दिवसांपर्यंत लागतील असं दिसलं, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

नळाला पाणी अवेळी आलं की झोपेचा बळी जातो. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, त्यामुळे त्या दिवशी स्वतःकडून मोठ्या संयमाची अपेक्षा करू नका.

एकट्याने न झेपणारं

लपूनछपून खूप खाणं, सुरू केल्यावर थांबताच न येणं, नंतर मुद्दाम उलटी करणं, हे वारंवार होत असेल तर तो आळस किंवा हावरेपणा नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. वजन अचानक वाढलं असेल, तर थायरॉइडची तपासणी आणि चालू औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलणं आधी, वही नंतर.