आईच्या डेस्कटॉपचं झाकण उघडण्याआधी

आमच्या घरचा डेस्कटॉप २०१४ सालचा. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. आई त्यावर लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल जुळवते. सकाळी ती बटण दाबते, चहा टाकते, चहा पिऊन कप विसळून येते, तेव्हा कुठे माउस नीट हलायला लागलेला असतो. असाच संगणक तुमच्याकडे असेल आणि त्यात नवे भाग घालायचे मनात असेल, तर बाजारात जाण्याआधी पुढची तयारी करून घ्या. भाग बसवायला तासभर पुरतो. तयारीला मी दोन रविवार दिले आणि ते कमीच पडले.

सगळ्यात आधी फायली, मग बाकीचं. डेस्कटॉपवरचे फोल्डर, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर तिचा डेटा फोल्डर, हे सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आणखी एक प्रत क्लाउडवर किंवा घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. कॉपी पूर्ण झाली यावर विसंबू नका. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि पाच-दहा फायली प्रत्यक्ष उघडून बघा. त्यातली एक सगळ्यात जुनी असू द्या, एक सगळ्यात मोठी.

मराठीत काम करणाऱ्यांनी इथे जास्त वेळ थांबावं. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखंच वाचता येणारं टायपिंग, रुळण्याआधी आपण श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, सी-डॅकच्या आयएसएममधला डीव्ही-टीटी सुरेख असे फॉन्ट वापरत होतो, आणि पुष्कळ छापखान्यांत ते आजही चालू आहेत. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही, पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं सांडलेली दिसतात. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मशीन दुरुस्तीला दिलं होतं. त्यांनी डिस्क फॉरमॅट केली. फायलींचा बॅकअप मी घेतला होता, फॉन्टचा घेतला नव्हता. आईचं आठ वर्षांचं काम समोर होतं आणि त्यातलं एक नाव वाचता येत नव्हतं. तिच्या ओळखीच्या एका छापखान्यात तो फॉन्ट मिळाला, तोवर ती धड जेवली नव्हती. म्हणून सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्सचा आख्खा फोल्डर वेगळा कॉपी करा. कोणत्या गिऱ्हाइकाची फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते वहीत लिहा. टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी, तिच्यावरचा क्रमांक आणि डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावा लागणारा किल्लीसारखा छोटा तुकडा, एका डब्यात ठेवा. डोंगल जुन्या २५ पिनांच्या पोर्टवर लागणारं असेल, तर मदरबोर्ड बदलायचा विचार करण्याआधी ते पोर्ट नव्या बोर्डावर आहे का बघा. बहुतेक बोर्डांवर ते आता नसतं. टॅलीचं लायसन्सही त्या मशीनशी बांधलेलं असतं. विंडोज नव्याने टाकण्याआधी टॅलीतूनच ते सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या.

आता मशीन कशामुळे अडतं ते शोधायचं. नेहमीची कामं उघडी ठेवून टास्क मॅनेजर बघा. आमच्याकडे प्रोसेसर निवांत होता, मेमरी, म्हणजे रॅम, भरत आली होती आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्क्यांवर. अशा वेळी नवा प्रोसेसर घेऊन काहीच साधत नाही. हार्ड डिस्कचं डोकं तबकडीवर इकडून तिकडे फिरून बारीक बारीक फायली गोळा करतं, त्यातच सगळा वेळ जातो. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून जुन्या मशीनला तिच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येतही बघून घ्या. ती ‘सावधान’ दाखवत असेल तर बाकी सगळं सोडून बॅकअप तपासा.

मग वहीच्या एका पानावर मशीनची कुंडली मांडा. सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की प्रोसेसर, मदरबोर्डचं मॉडेल, बायोसची, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची, तारीख आणि रॅमचा प्रकार सगळं दिसतं. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवून ठेवा. एच८१ला रॅमचे दोनच स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी. डिस्क जोडायची, म्हणजे साटाची, चार पोर्ट असतात, त्यातली दोनच ६ गिगाबिटची. एसएसडी त्यांपैकी एकात लागली पाहिजे, नाहीतर निम्मा वेग वाया. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.२ एसएसडी या बोर्डांवर सहसा लागत नाही, तेव्हा अडीच इंची साटाचीच घ्या. विंडोज ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं, हेही लिहा. ३२ बिटचं घरगुती विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरत नाही, त्यामुळे नुसती रॅम वाढवून फरक पडणार नाही. उलट ६४ बिटवर गेलात की डॉसच्या काळातले हिशेबाचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. कुणाचा पंचवीस वर्षांचा हिशेब त्यात अडकलेला असेल, तर तो आधी बाहेर काढा.

विंडोजचा निर्णयही आत्ताच घ्यायला हवा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जाहीर झाली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. चौथी पिढी त्यात अधिकृतपणे बसत नाही. आडवाटेने बसवता येतं, पण आई ज्यावर बँकेचे व्यवहार करते त्या मशीनवर मी ते करणार नाही. लिनक्स मिंट हा चांगला पर्याय आहे, त्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. मात्र तुमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर तो पर्याय तिथेच संपतो.

खरेदीची यादी करताना मी प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारला: हे मशीन उद्या गेलं, तर हा भाग पुढच्या मशीनमध्ये येईल का? एसएसडी येते. चांगला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, येतो, मॉनिटर येतो. डीडीआर३ रॅम येत नाही आणि ११५० सॉकेटचा, म्हणजे या बोर्डाच्या खाचेत बसणारा, प्रोसेसरही येत नाही. म्हणून एसएसडी नामांकित कंपनीची, नवी, ५०० जीबीची घ्या. रॅम स्वस्तात मिळेल तेवढीच. जुन्या बाजारातला आय७-४७९० मोह पाडतो, पण एच८१ला त्यासाठी आधी बायोस अपडेट लागू शकतो, आणि आमच्या कामात त्याने विशेष फरक पडला नसता. ग्राफिक्स कार्ड व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमसाठी. पत्रिकेला ते लागत नाही.

कार्ड घालणारच असाल तर एसएमपीएसवरचं लेबल वाचा. वर ठळक ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते बघायचं. १६ अँपिअर असतील तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट, आणि प्रोसेसर नि कार्ड दोघांनाही मुख्यतः त्यातूनच भागवायचं असतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर नवा भाग आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हे मी कळकळीने सांगतो आहे. कोकणात आणि जुन्या वाड्यांत बिनअर्थिंगचे बोर्ड मी कितीतरी पाहिले आहेत. एसएमपीएस मात्र स्वतः कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते.

बाजारात जाताना, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असो की तुमच्या तालुक्याच्या दुकानात, जुनी रॅम काढून सोबत न्या. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८, आणि मधली खाच वेगळ्या जागी असते. शेजारी शेजारी धरलं की लगेच कळतं. डीडीआर३ बहुधा वापरलेलीच मिळेल, तेव्हा दुकानातच लावून दाखवायला सांगा. फक्त एएमडीवर चालणारी डीडीआर३ही बाजारात फिरते आणि स्वस्त पडते. तुमचं मशीन इंटेलचं आहे हे आधी सांगा. २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढले आहेत, म्हणून निघण्याआधी फोन करून त्या दिवशीचा भाव विचारा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

आदल्या दिवशी एवढं जवळ ठेवा: फुलीचा स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश, खोडरबर, प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट, मदरबोर्डवर बसणारी सीआर२०३२ ही गोल बॅटरी, साटाची एक जादा केबल, अडीच इंची एसएसडी कॅबिनेटमध्ये बसवायची पट्टी आणि निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलर आणि नेटवर्कचा ड्रायव्हर दोन्ही हवेत. ड्रायव्हर राहिला तर विंडोज चढतं पण इंटरनेट लागत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला पुन्हा इंटरनेटच लागतं. प्रिंटरचा ड्रायव्हरही घेऊन ठेवा.

कॅबिनेट उघडलं की ब्रश लावण्याआधी फोटो काढा, खासकरून पॉवर आणि रीसेटच्या बारीक वायरींचा. धूळ बाल्कनीत झाडा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. आमच्या एसएमपीएसच्या मागे झुरळांचं बिऱ्हाड निघालं, तेव्हा मास्क लावलेला बरा. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा. बायोसमध्ये साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय करायचा असेल तर विंडोज टाकण्याआधी करा. नंतर बदलला तर निळा पडदा येऊन मशीन सुरूच होत नाही.

जुनी हार्ड डिस्क लगेच पुसायची नाही. तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावून आजची तारीख लिहा आणि ती कपाटात ठेवा. आईने प्रत्येक गिऱ्हाइकाची एक तरी फाइल नव्या एसएसडीवर उघडून, छापून बघेपर्यंत ती तिथेच राहील. वहीत एकवीस नावं आहेत, आजपर्यंत नऊ झाली.