किडनीच्या रुग्णाचं बीपी उतरत नाही? गोळी वाढवण्याआधी या चुका शोधा

किडनीचा आजार असलेल्याला बीपीच्या तीन-चार गोळ्या लागतात, यात नवल नाही. किडनी मंदावली की मीठ-पाणी अंगात साठतं, त्याने बीपी चढतं आणि चढलेलं बीपी उरलीसुरली किडनीही खातं. पण गोळ्या चालू असून वरचा आकडा १६०च्या खाली येत नसेल, तर आणखी एक गोळी मागण्याआधी घरातच चौकशी करा. माझा पहिला संशय अंगदुखीच्या गोळीवर असतो.

सोलापुरात अंगदुखीला काय तोटा! मागावर पाळी करणाऱ्याचे गुडघे, दिवसभर मान खाली घालून बिड्या वळणाऱ्या बाईची पाठ. मेडिकलवर ‘अंग ठणकतंय’ म्हटलं की पाकिटातून कापलेल्या दोन गोळ्या हातात पडतात, नाव फाटलेल्या बाजूला राहिलेलं. बहुतेकदा ते डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन असतं. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, मीठ-पाणी अडवतात आणि बीपीच्या औषधाचा जोर मोडतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर ही अंगदुखीची, असं त्रिकूट जमलं तर किडनी अचानक बसू शकते. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. पाण्यात फसफसणारी मात्र नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. सर्दीच्या गोळ्यांमधलं नाक मोकळं करणारं औषधही बीपी चढवतं.

मग मीठ. ‘भाजीत मीठ कमीच टाकतो’ असं सांगणाऱ्या घरात कडक भाकरीशेजारी शेंगा चटणीचा डबा उघडाच असतो. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही, आणि त्यात चटणी, लोणचं, पापड, ब्रेड, फरसाण सगळं धरायचं. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार असतो, तोही सोडियमच. ॲसिडिटीवर घेतलेल्या खाण्याच्या सोड्याचं तेच. सैंधव चालतं ही समजूत तर सोडूनच द्या, ते मीठच आहे. चटणी बंद करा असं सोलापूरकराला सांगून उपयोग नाही. जवळपास बिनमिठाची कुटा आणि चिमूटभर घ्या. शेंगदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरसही असतं, त्यामुळे रक्तात ते वाढलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरा धोका ‘लो सोडियम’ मिठाचा. हौसेने आणलेल्या त्या पुड्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराईड असतं. आजारी किडनी त्यातलं पोटॅशियम पुरेसं बाहेर टाकू शकत नाही, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी चालू असेल तर ते आणखी साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

या गोळ्यांबद्दल उलटा गैरसमजही आहे. टेल्मिसार्टन सुरू झाली, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) १.८ वरून २.१ झालं आणि घरच्यांनी ‘हिनेच किडनी घालवली’ म्हणून परस्पर बंद केली. खरं तर ही गोळी किडनीच्या गाळण्यांमधला दाब उतरवते, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं. पहिल्या चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ साधारणपणे चालवून घेतली जाते. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्याला तर पुढे हीच गोळी किडनी टिकवायला मदत करते. मात्र गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायलाच हवं.

गोळ्यांची पिशवी एकदा गादीवर रिकामी करा आणि पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचा. हृदयाच्या डॉक्टरांची एक, किडनीच्या डॉक्टरांची एक, नावं वेगळी आणि आत दोन्हींत टेल्मिसार्टन, असं होतं. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र दिसलं तरी लगेच डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळ्यात गणित फिरतं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपलीकडे गेला की घामाने बीपी आपोआप उतरतं. उठताना अंधारी येत असेल तर उन्हाळ्यापुरते डोस बदलावे लागतात. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण काही गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या असतात. कोणत्या, ते त्यांनीच ठरवायचं. मीठ घातलेला मठ्ठा, नारळपाणी, ओआरएस हेही विचारूनच.

कधीकधी आकडाच खोटा असतो. जिना चढून आल्या आल्या, सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा बांधून, बडबड करत मोजलेलं बीपी जास्तच येणार. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, उघडा दंड छातीच्या उंचीवर ठेवा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळची नोंद वहीत करून दाखवली तर डॉक्टरांचा निम्मा अंदाज वाचतो. बऱ्याच जणांसाठी १३०/८०च्या खालचं लक्ष्य असतं. केडीगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१च्या सूचना वरचा आकडा १२०च्या आत आणायला सांगतात, पण नीट मोजलेला आणि रुग्णाला झेपत असेल तरच. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या, म्हणजे धमनी आणि शीर जोडलेल्या हातावर पट्टा कधीच बांधू नका.

आणि १८०/१२० दिसलं म्हणून जिभेखाली गोळी फोडू नका. बीपी झपकन कोसळलं तर मेंदूला आणि किडनीला रक्त कमी पडतं. काही त्रास नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. छातीत दुखणं, धाप, धूसर दिसणं, बरळणं किंवा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही सोबत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा, पहाटेचे तीन वाजले असले तरी.