डच गावकऱ्यांच्या दंग्याची चित्रं बघायची कशी

वेंगुर्ल्याची डच वखार आपल्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा बघतो, पडक्या भिंती, वर झाडं, एक फोटो आणि चला मालवणला. पण ही वखार चालू होती त्याच 17व्या शतकात तिकडे हॉलंडात खेडूत घरात बसून पितायत, गातायत, नाचतायत अशी चित्रं धडाधड रंगवली जात होती, आणि विकत घेणारे बरेचसे शहरातले.

सुरुवात हार्लेमचा चित्रकार आद्रियान फान ऑस्टाडे (1610–1685) याच्यापासून करा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरून त्याची चित्रं मोठ्या साइजमध्ये फुकट मिळतात. मोबाइलचा ब्राइटनेस फुल ठेवा, नाहीतर नुसता काळोख. माणसांकडे लगेच जाऊ नका, आधी उजेड कुठून येतो ते बघा, आपल्या जुन्या माजघरात दुपारी एका खिडकीतून येतो तसाच असतो बऱ्याचदा, आणि तो पडतो तिथेच खरी गंमत. दंगा, मारामारी आणि काळपट रंग असतील तर बहुतेक 1630च्या दशकातलं चित्र, पुढे पुढे त्याची माणसं शांत होत गेली.

मग त्याच शतकातला दुसरा डच चित्रकार, यान स्टीन. द हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममधलं त्याचं 1668–70च्या आसपासचं, एका डच म्हणीवरचं चित्र उघडा आणि झूम करा. आजी गाण्याचा कागद वाचतेय, एक बाई आरामात ग्लास पुढे करून बसलीय आणि वरून वाइनची बारीक धार पडतेय, त्या धारेवर थोडं थांबा. बाजूला एक बाप खदखदून हसत पोराला चिलीम ओढायला शिकवतोय, तो बाप म्हणजे खुद्द स्टीन! म्हण अशी की म्हातारे गातील तसं पोरं वाजवतील, आपलं खाण तशी माती, पण डचमध्ये 'वाजवणं' आणि 'चिलीम ओढणं' याला एकच शब्द, म्हणून पोराच्या तोंडात चिलीम. माझ्या आत्याला दाखवलं तर म्हणाली, "ह्यो तर आपल्या वाडीतलोच दिसता!"

उपदेश समजून बघू नका हं, स्टीन बिअर बनवणाऱ्याचा मुलगा, 1672मध्ये लायडनमध्ये स्वतःच गुत्ता काढलेला. पसारा पडलेल्या घराला डच लोक अजून 'यान स्टीनचं घर' म्हणतात. गणपतीत आमच्याकडे माणसं उतरली, ओटीवर बॅगा नि चपलांचा ढीग लागला की मीही तेच म्हणते, कोणाला कळत नाही.